सायटिका : फिजिओथेरपीवर किती थांबायचं, ऑपरेशनला कधी हो म्हणायचं?

कृष्णाकाठ | ४ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सांगलीहून लिहितेय. वय ४३, हायस्कुलात शिकवते. मार्चअखेरीस दहावीच्या उत्तरपत्रिका तपासायला आठ-दहा दिवस सलग जमिनीवर मांडी घालून बसले होते. शेवटच्या दिवशी ओट्याखालचा पिठाचा डबा ओढायला वाकले आणि नेमकी तेव्हाच शिंक आली. कमरेत कट्कन झालं. दोन दिवस उसण भरल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी कंबर बरी झाली, पण डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत कळ जायला लागली. बसलं की दहा मिनिटांत डोळ्यांत पाणी येतं. उभी असले की बरं. खोकला आला तर भिंत धरावी लागते. तळव्याची बाहेरची कड बधिर आहे.

एमआरआय केला. कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची, एल ५ - एस १ च्या मधली गादी बाहेर आलीय आणि डावीकडची एस १ शीर दाबली गेलीय असं लिहिलंय. सर्जन म्हणाले, 'पुढच्या आठवड्यात करून टाकू, लहान ऑपरेशन आहे.' फिजिओथेरपिस्ट म्हणतात, 'अजून पाच-सहा आठवडे द्या.' सासूबाई म्हणतात मणक्याला हात लावायचाच नाही. नवरा म्हणतो रोज रडण्यापेक्षा करून मोकळी हो. आज बरोबर सहा आठवडे झाले.

तुम्ही कसं ठरवलंत? थांबलात तर कशाच्या भरवशावर, आणि केलंत तर कोणत्या गोष्टीमुळे? मला उभ्यानेच टाइप करावं लागतंय, म्हणून एवढंच.

रानपाखरू | ४ मे, रात्री ११.०२

अगं बाई, काळजी घे. एकच विचारते, पायात ताकद आहे ना? माझ्या बहिणीच्या पायातून चप्पल निसटून मागे राहायची आणि तिला चार पावलं कळायचंच नाही. तिचं मग तातडीनं करावं लागलं.

मणकेवाली | ५ मे, सकाळी ७.१५

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, सतरा वर्षं हेच काम. रानपाखरू यांनी पहिल्याच फटक्यात योग्य प्रश्न विचारलाय. कृष्णाकाठ, इथे कुणीही तुम्हाला 'करा' किंवा 'करू नका' सांगू शकत नाही, मीही नाही. पण कशाकडे बघून ठरतं ते सांगते.

सायटिक नर्व्ह ही शरीरातली सगळ्यात जाड शीर, जवळजवळ बोटाएवढी. मणक्यातून निघणाऱ्या, एल ४ पासून एस ३ पर्यंतच्या शिरांच्या मुळांची मिळून बनते. गादी सरकण्याचे बहुतेक प्रकार एल ४-५ आणि एल ५ - एस १ या खालच्या दोन जागी होतात, आणि कोणतं मूळ दाबलंय ते पाय स्वतःच सांगतो. एल ५ असेल तर पावलाचा वरचा भाग आणि अंगठा बधिर, अंगठा वर उचलायला जड, टाचांवर चालता येत नाही. एस १ असेल तर तुमच्यासारखी पावलाची बाहेरची कड बधिर, आणि चवड्यांवर उभं राहायला ताकद कमी. तुमची लक्षणं आणि एमआरआय एकमेकांशी जुळतात, ही चांगली गोष्ट आहे. नेहमी जुळतातच असं नाही.

आता हे करून बघा. भिंतीला बोट टेकवा आणि फक्त उजव्या पायाच्या चवड्यावर वर-खाली व्हा, किती वेळा जमतं ते मोजा. मग डाव्यावर. आकडा इथे लिहा. लघवी नेहमीसारखी होते का, आणि बसायच्या जागी, म्हणजे घोड्यावर बसलं तर खोगिराला टेकेल त्या सगळ्या भागात, स्पर्श नीट कळतो का, तेही सांगा.

कळ किती जोरात येते यावर ऑपरेशन ठरत नाही. ताकद कमी होतेय का, यावर बरंचसं ठरतं.

कृष्णाकाठ | ५ मे, सकाळी ८.३०

मोजलं. उजवा २२ वेळा, मग कंटाळून थांबले. डावा ६ वेळा, सातव्याला टाच वर गेलीच नाही. मला हे माहीतच नव्हतं! जिना चढते, चालते, मला वाटलं ताकद आहे. लघवी ठीक, बसायच्या जागी स्पर्श कळतो. सर्जननी घोट्यामागे हातोडी मारली तेव्हा डावा पाय हललाच नव्हता.

मणकेवाली | ५ मे, सकाळी ९.०५

६ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही आणि घाबरण्यासारखाही नाही. हे सर्जनना आणि तुमच्या फिजिओंना, दोघांना सांगा. हातोडीला घोटा हलला नाही हे एस १ चं लक्षण आहे, ते पुढे बरं झाल्यावरही कधीकधी परत येत नाही. त्याची भीती नको.

आजपासून वहीत तारीख टाकून आठवड्यातून दोनदा चवड्यांचा आकडा लिहा. ६ चे ८, ८ चे ११ होत गेले तर थांबायला जागा आहे. ६ चे ३ झाले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सर्जनकडे.

जुनाजाणता | ५ मे, दुपारी १.२०

ताई, सासूबाईंचं ऐका. मणक्याला चाकू लागला की माणूस कायमचा बसला. आमच्या गल्लीत दोन उदाहरणं आहेत. कमरेला पट्टा, फळीवर झोपणं आणि दीड महिना पूर्ण विश्रांती. आमच्या काळी हेच करत होते आणि माणसं बरी होत होती.

दुसरीपाळी | ५ मे, रात्री ११.५०

पाळी संपवून आलो, सगळा धागा वाचला. जुनाजाणता काका, आदर ठेवून सांगतो, मी ऑपरेशन केलेला माणूस आहे आणि आज आठ तास उभा राहून आलोय.

चाकणला असेंब्ली लाइनवर काम करतो. २०१९ ला उजव्या पायात सुरू झालं. तीन आठवडे गोळ्या खाऊन कामावर गेलो. मग एका सकाळी बाथरूमच्या उंबऱ्याला अंगठा अडकला. दुपारी परत अडकला. संध्याकाळी बायको म्हणाली, 'तुमचा पाय फटफट वाजतोय चालताना.' खरंच वाजत होता. टाच टेकली की पंजा आपोआप खाली पडायचा, उचलून धरताच येत नव्हता. आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी कळ कमी झाली होती! मला वाटलं बरं होतंय. डॉक्टर म्हणाले, कळ कमी आणि ताकदही कमी, हे बरं होणं नव्हे, शीर थकत चाललीय.

चौथ्या दिवशी मायक्रोडिस्केक्टॉमी, म्हणजे गादीचा बाहेर आलेला तुकडा काढायचं ऑपरेशन, झाली. दोन बोटांएवढी चीर. दुसऱ्या दिवशी सकाळी चालवलं. पायातली कळ भूल उतरल्यावरच गेलेली होती, ती परत आली नाही. पण पंजाची ताकद यायला पाच महिने लागले, त्या पाच महिन्यांत रोज फिजिओ. पावलाच्या वरचा एक पट्टा अजून बधिर आहे, मोजा घातल्यासारखा. सर्जननी आधीच सांगितलं होतं की कळ जाईल याची बऱ्यापैकी खात्री, ताकदीची तेवढी नाही, आणि कंबरदुखीसाठी हे ऑपरेशन नाहीच. हे तीन शब्द वेगळे करून सांगणारा डॉक्टर भेटला हे माझं नशीब.

मणकेवाली | ६ मे, सकाळी ७.००

दुसरीपाळी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. 'कळ गेली पण पाय पडला' हे वाक्य मी दर दोन-तीन महिन्यांनी ऐकते, आणि माणसं तेव्हाच डॉक्टरकडे जायचं थांबवतात.

काका, फळीवर दीड महिना झोपवणं आता कुणी सांगत नाही. नेदरलँड्समध्ये १९९९ ला तपासून बघितलंय, दोन आठवडे अंथरुणात ठेवलेले आणि फिरते ठेवलेले, दोघांच्या बरं होण्यात फरक पडला नाही. झोपून राहिलं की पाठीचे स्नायू मात्र आळसावतात. पट्टा प्रवासात तासभर ठीक, दिवसभर नको.

जुनाजाणता | ६ मे, सकाळी १०.४५

बरं बाई, पट्टा काढला. पण फळीचं मला अजून पटलेलं नाही.

हिरवाचाफा | ६ मे, दुपारी ३.३०

माझं ऑपरेशनशिवाय बरं झालं, पण 'फिजिओ केली' एवढ्यावर जाऊ नका, कोणती केली हे विचारा.

पहिल्या ठिकाणी मी वीस दिवस गेले. गेलं की आडवं करायचे, कमरेला पट्टे बांधून वजन लावायचे, मग पंधरा मिनिटं करंट, मग शेक. कुणी माझा पाय उचलून बघितला नाही, एक व्यायाम शिकवला नाही. घरी यायला रिक्षा, रिक्षाच्या खड्ड्यांत सगळं होतं तिथेच. वीस दिवसांनी मी म्हटलं फिजिओचा उपयोग नाही, करा ऑपरेशन.

मैत्रिणीनं दुसऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी पहिल्या दिवशी पाऊण तास नुसतं तपासलं. पालथं झोपवलं. दोन मिनिटांनी विचारलं, 'कळ आता कुठपर्यंत आहे?' पोटरीपर्यंत. मग कोपरांवर उठवलं. 'आता?' गुडघ्याच्या मागे. मग हातांवर, कंबर सैल सोडून, भुजंगासनासारखं पण पोटाचा जोर न लावता, दहा वेळा. 'आता?' फक्त कुल्ल्यात, आणि कंबर मात्र जास्त दुखायला लागलेली. मी घाबरले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'हेच हवं होतं. कळ पायातून वर सरकत कमरेकडे गेली पाहिजे. कंबर दुखली तरी चालेल, पाऊल मोकळं झालं पाहिजे. उलटं झालं, कळ खाली उतरली, तर तो व्यायाम तिथेच सोडायचा.'

दर दोन तासांनी दहा वेळा, असं दिवसातून सात-आठ वेळा केलं. तीन आठवड्यांत पोटरी मोकळी, आठव्या आठवड्यात स्कूटरवर बसले.

मणकेवाली | ६ मे, रात्री ९.१०

याला मॅकेन्झी पद्धत म्हणतात. रॉबिन मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट. १९५६ मध्ये त्यांचा एक पेशंट चुकून डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला आणि उठला तेव्हा त्याच्या पायातली कळ गेलेली होती. तिथून त्यांचा शोध सुरू झाला.

पण हे वाचून सगळ्यांनी भुजंगासन सुरू करू नका. काहींची कळ मागे वाकल्यावर वाढते, वयस्करांची तर बहुतेक वेळा. म्हणूनच आधी तपासणी.

आणखी एक. पायाची मागची बाजू 'आखडली' म्हणून माणसं पाय ताठ करून पुढे वाकतात, अंगठे धरायला बघतात. आखडलेला स्नायू नसतो, चिडलेली शीर असते. ती ताणली की रात्रभर ठणकते. शिरेला ताण नको, सरक हवी. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा दुमडताना मान खाली. सुईतला दोरा मागेपुढे सरकावा तसं, दोन्ही टोकांनी ओढायचं नाही. पहिल्या टप्प्यात एवढं, शिवाय दर तासाला पाच-दहा मिनिटं चालणं. कळ वर सरकली की पोट, कुल्ला आणि पाठीची ताकद, आणि शेवटी वजन उचलायला शिकवणं. हा शेवटचा टप्पा बहुतेक पेशंट पूर्ण करत नाहीत. दुखणं थांबलं की यायचे थांबतात.

एसटीकर | ७ मे, सकाळी ६.२०

वडील एसटीत ड्रायव्हर होते, घरात हा आजार जुना. एक सोपी गोष्ट त्यांना कामाला आली. अंथरुणातून उठताना सरळ उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन उठायचं. आणि संडासला उकिडवं बसायचं बंद करून कमोडची खुर्ची आणली. आई रागावली होती, आता तीच वापरते.

पोल्डर | ७ मे, दुपारी २.०० (उत्रेख्त)

मी नेदरलँड्सला असते. मला झालं तेव्हा इथल्या फॅमिली डॉक्टरांनी पाय तपासला, ताकद बघितली, पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि म्हणाले चालत राहा, बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत ओसरतं, एमआरआय आत्ता नको. मी इतकी चिडले की भावाला फोन करून म्हटलं, तिकीट काढ, पुण्यात येऊन करते.

मग शेजारच्या डॉक्टर बाईंनी समजावलं. लायडनच्या डॉक्टरांनी याच प्रश्नावर अभ्यास केला होता, २००७ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलाय. सहा ते बारा आठवडे जोरदार सायटिका असलेले २८३ पेशंट घेतले. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन ठरवलं, निम्म्यांना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, म्हणजे दहापैकी सहा जणांना लागलं नाही असं धरा. लवकर केलेल्यांची कळ लवकर गेली. पण वर्ष संपताना दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाले होते.

कृष्णाकाठ, तुमचे सहा आठवडे म्हणजे नेमक्या या अभ्यासातल्या पेशंटांच्या जागी तुम्ही आहात. माझं अकराव्या आठवड्यात ओसरलं. एमआरआय शेवटपर्यंत झालाच नाही.

शेवगा | ७ मे, रात्री १०.१५

पोल्डर, अभ्यास बरोबर असेल, पण 'थांबा, थांबा' ऐकून माझे आठ महिने गेले. मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

माझी ताकद पहिल्यापासून शेवटपर्यंत ठीक होती. म्हणून प्रत्येक जण म्हणायचा, 'ताकद आहे ना, मग थांबा.' चौथ्या महिन्यानंतर सुधारणा थांबली होती. दोन महिने वहीत तेच आकडे. नोकरीत बिनपगारी रजा, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला मागे भिंतीला टेकून उभी. प्रेगाबालिन या शिरेच्या दुखण्यावरच्या गोळीनं दिवसभर गुंगी यायची आणि कळ होती तिथेच. आठव्या महिन्यात ऑपरेशन केलं आणि तिसऱ्या दिवशी बसून जेवले. बसून जेवले, एवढंच, पण मी ताटासमोर रडले.

कॅनडात, ओंटारिओतल्या लंडनला, अशाच लोकांवर अभ्यास झालाय, २०२० मध्ये आला. चार ते बारा महिने सायटिका असलेले १२८ जण. सहा महिन्यांनी पायातलं दुखणं दहापैकी, ऑपरेशनवाल्यांचं सरासरी २.८ आणि फिजिओ-इंजेक्शनवर थांबलेल्यांचं ५.२. म्हणजे सुरुवातीला थांबणं शहाणपणाचं, पण सुधारणा थांबल्यावरही थांबून राहणं म्हणजे संयम नव्हे, बाई.

पोल्डर | ७ मे, रात्री ११.४०

मान्य. माझं सुधारत होतं म्हणून मला थांबता आलं. हा फरक मी लिहायला हवा होता.

काकडा | ८ मे, सकाळी ५.५०

आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड. चरकसंहितेत वर्णन आहे. माणूस गिधाडासारखा एक पाय ओढत चालतो म्हणून ते नाव, असं आमचे वैद्य सांगायचे. मला कटिबस्तीनं आराम पडला. उडदाच्या पिठाची पाळ कमरेवर करून त्यात कोमट तेल. झोप लागायला लागली. त्याबरोबर व्यायामही चालू होते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मणकेवाली | ८ मे, सकाळी ७.३०

काकडा, झोप लागली हा लहान फायदा नाही. शेकानं, तेलानं आराम पडत असेल तर जरूर घ्या. दोनच गोष्टी सांभाळा. बधिर पावलाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, चटका कळत नाही आणि फोड येतो, मधुमेह असेल तर तो फोड महिनोन्महिने पुरतो. आणि पाठीवर पाय देऊन 'मणका बसवणाऱ्या' कुणाकडे जाऊ नका.

आजोळ | ८ मे, दुपारी १२.१०

शेवटच्या वाक्यासाठी लॉग इन केलं.

माझ्या मामाला डाव्या पायात सायटिका होती, शेतकरी माणूस, अंगावर काढत होता. एका रात्री दोन्ही पायांत कळ सुरू झाली. सकाळी गावातल्या एकाकडे नेऊन पाठ चोळून घेतली. दुपारी मामी म्हणाली, 'सकाळपासून लघवीलाच गेले नाहीत.' सगळ्यांना वाटलं पाणी कमी प्यायलं असेल. संध्याकाळी मामा म्हणाला, 'बाजेवर बसलोय पण बसल्यासारखं वाटत नाही, खाली काही आहे की नाही कळत नाही.' त्याचे हेच शब्द. तेव्हाही कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं म्हणून तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. चौथ्या दिवशी रात्री ऑपरेशन झालं.

मामा आज काठी घेऊन चालतो. पण दिवसातून चार वेळा नळी घालून लघवी काढावी लागते. वय ५१. ते वाक्य ऐकलं तेव्हा मी समोर बसलो होतो, हातात फोन होता, आणि मला एवढं माहीत असतं तर!

मणकेवाली | ८ मे, दुपारी १.००

आजोळ, तुमच्या मामांना नमस्कार. तुमची चूक नाही, हे कुणी शिकवतच नाही.

सगळ्यांसाठी लिहिते. मणक्याच्या नळीत खाली शिरांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, त्याला कॉडा इक्वायना म्हणतात. मोठी गादी मधोमध सरकली की तो अख्खा झुपका दाबला जातो. दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावर ताबा जाणं, गुप्तांग आणि बसायची जागा बधिर होणं. यातलं काहीही नव्यानं सुरू झालं तर रात्र असो वा रविवार, जिथे एमआरआय आणि मणक्याचा सर्जन दोन्ही आहेत अशा मोठ्या रुग्णालयात थेट जायचं. साधारण ४८ तासांच्या आत दाब काढायचा असतो, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. इथे फिजिओथेरपीचा काहीही संबंध नाही. बायका लाजून लघवीचं सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनी विचारावं.

रानपाखरू | ८ मे, दुपारी १.२५

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवलं. आजोळ, नावगाव काढून पाठवलंय.

दुसरीपाळी | ९ मे, रात्री १२.१५

थोडं हलकं. आजारपणात मी कॅन्टीनमध्ये उभ्यानेच जेवायचो. नवीन आलेले मॅनेजर साहेब आत आले की मी उभा दिसायचो. महिनाभर त्यांना वाटत होतं मी त्यांना मान देतोय. बरा होऊन बसलो तेव्हा त्यांनी सुपरवायझरला विचारलं, 'हा नाराज आहे का माझ्यावर?'

कृष्णाकाठ | १० मे, संध्याकाळी ६.३०

दुसरीपाळी, सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसले, आणि हसल्यावर पोटरीत कळ आली, तरी हसले.

सर्जनना परत भेटले. आकडा सांगितला. त्यांनी स्वतः समोर उभं करून मोजलं. म्हणाले, 'ताकद थोडी कमी आहे पण घसरत नाहीये. सहा आठवडे थांबायला माझी हरकत नाही, पण वही आणायची आणि दोन आठवड्यांनी दाखवायचं.' मला वाटलं होतं ते चिडतील. पहिल्यांदा मी फक्त 'सहन होत नाही' एवढंच म्हटलं होतं, त्यामुळे त्यांनीही तसंच उत्तर दिलं असावं.

सायकलवाले | २ जून, सकाळी ९.००

धागा जुना झालाय, पण विचारतो. वडील ७२, मिरजेत असतात. शंभर-दीडशे पावलं चालले की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, पाराच्या कट्ट्यावर बसले की दोन मिनिटांत बरं. पण सायकल कितीही चालवतात! भाजी आणायला जाताना सायकल हातात धरून, हँडलवर वाकून चालतात, तेव्हाही त्रास नाही. ही सायटिकाच का?

मणकेवाली | २ जून, रात्री ८.४०

तुमच्या वडिलांनी निदान जवळजवळ स्वतःच केलंय. वयामुळे मणक्याची नळी अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की मोकळी होते. म्हणून सायकल चालते आणि चालणं चालत नाही. यांचे व्यायाम हिरवाचाफा यांच्या उलट, पुढे वाकण्याचे असतात. पायातल्या रक्तवाहिन्यांचाही असा त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना पायाची नाडी बघायला सांगा.

आणि हा धागा वाचणाऱ्यांना एक. रात्री आडवं पडल्यावरही न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, भूक मरणं, असं असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो. तिथे व्यायाम देत बसणं घातक.

कृष्णाकाठ | २१ जून, रात्री ९.५५

आले परत. शाळा सुरू झाली.

मधला एक आठवडा फार वाईट गेला. १९ मेच्या सुमारास आकडा ६ वरून ५ झाला आणि मी रात्रभर जागी होते. सकाळी फिजिओंकडे गेले, त्यांनी तीनदा मोजून घेतलं, ५, ७, ६. म्हणाल्या एका आकड्यावर जाऊ नका, पण आज सर्जनना फोन कराच. केला. त्यांनी बोलावून तपासलं आणि थांबवलं. कमरेत स्टिरॉइडचं इंजेक्शनही सुचवलं, ते घेतलं. त्यानं शीर सुटत नाही, सूज उतरते आणि व्यायाम करता येतात, असं सांगून दिलं. मला तसंच झालं. तीन रात्री झोप लागली आणि पालथं झोपून उठणं जमायला लागलं.

कळ आता गुडघ्याच्या वर असते. पावलाची कड अजून बधिर. काल आकडा १४.

शेवगा | २१ जून, रात्री १०.३०

१४! पण वही बंद करू नकोस. आणि सुधारणा थांबली तर ऑपरेशनला अपयश समजू नकोस, एवढं माझ्यासाठी लक्षात ठेव.

जुनाजाणता | २२ जून, सकाळी ११.००

मुली, बरं वाटलं वाचून. गल्लीतल्या त्या दोन उदाहरणांची चौकशी केली. एकाला आजोळ यांच्या मामांसारखंच झालं होतं, आठवड्यानं नेलं होतं. चाकूमुळे बसला नव्हता, उशिरामुळे बसला. वीस वर्षं मी उलटं सांगत होतो.

कृष्णाकाठ | १२ ऑगस्ट, दुपारी ४.१०

आज सर्जननी 'आता गरज नाही' सांगितलं. आकडा १९. एमआरआय परत करू का विचारलं, तर म्हणाले, 'पाय चांगला असताना फोटो कशाला? बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीर स्वतः खाऊन टाकतं, आणि नसेल खाल्ला तरी तुला त्रास नाहीये.' व्यायाम चालूच आहेत. फिजिओंनी परवा बारा किलोची पिशवी उचलायला लावली, नितंब मागे, पाठ सरळ, श्वास सोडत. पहिल्यांदा हात थरथरले.

सासूबाई ऑपरेशन टळलं म्हणून नारळ फोडून आल्या. नवऱ्यानं विचारलं, टळलं नसतं तर? त्या म्हणाल्या, तर करून घेतलं असतं आणि नंतर फोडला असता. मेमधल्या त्यांच्या बोलण्यापासून इथवर त्या कशा आल्या ते मला माहीत नाही, पण हा धागा मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते.

दुसरीपाळी | १२ ऑगस्ट, रात्री ११.४५

अभिनंदन ताई! आमच्या लाइनवरच्या एका पोराला सुरू झालंय, उजव्या पायात. वहीत नेमकं काय काय लिहीत होतात तेवढं टाका, त्याला उद्या देतो.

कृष्णाकाठ | १३ ऑगस्ट, सकाळी ६.५०

एका पानावर सहा रकाने केले होते. तारीख. दोन्ही पायांच्या चवड्यांचा आकडा. टाचांवर दहा पावलं जमली का. कळ सगळ्यात खाली कुठवर गेली, कुल्ला, मांडी, पोटरी की पाऊल. सलग किती मिनिटं बसता आलं. आणि शेवटचा रकाना लघवी आणि बसायच्या जागेचा, तिथे रोज फक्त 'ठीक' लिहायचं. त्याला सांगा, ज्या दिवशी तिथे 'ठीक' लिहिता येणार नाही, त्या दिवशी वही बाजूला ठेवून रुग्णालयात जायचं. आणि पहिला आकडा आजच मोजायला सांगा, कामावर निघायच्या आधी.